शेवटचा रकाना

गेली अकरा वर्षे मी एक वही लिहितो आहे. तिच्यात पाच रकाने आहेत: तारीख, पिस्तूल, काडतुसाचा प्रकार, झाडलेल्या गोळ्यांची संख्या आणि काय अडले ते. नेम कसा लागला याची नोंद या वहीत नाही. ती वही वेगळी आहे आणि ती कोणाला दाखवण्यासारखी नाही. शेवटचा रकाना बहुतेक पानांवर कोरा असतो, आणि जेथे तो भरलेला असतो तेथील अक्षर वाईट असते, कारण त्या वेळी मी चिडलेला असतो.

नेमबाजीच्या रेंजवर नवा माणूस आला, की चार-सहा महिन्यांत तो एकच प्रश्न विचारतो: कोणत्या कंपनीचे आणि कोणत्या कॅलिबरचे, म्हणजे नळीच्या आणि गोळीच्या कोणत्या मापाचे, पिस्तूल सर्वांत भरवशाचे, आणि कशात पैशाचे चीज होते? मग जुने नेमबाज एकेक नाव घेतात. कोणी ग्लॉक म्हणतो, कोणी सिग, कोणी बेरेटा, कोणी सीझेड. आणि प्रत्येकाने घेतलेले नाव बहुधा त्याच्या स्वतःच्या पेटीतल्या पिस्तुलाचे असते. मीही अनेक वर्षे तेच केले. ज्या वस्तूसाठी आपण पदरचे पैसे मोजले, तिच्या बाबतीत आपली साक्ष ग्राह्य धरू नये, हे मला उशिरा कळले. वहीला कोणाचीच भीड नव्हती. सगळे अडथळे तिच्यातून एका कागदावर उतरवून काढले, तेव्हा कंपन्यांच्या नावांशी त्यांचा काही केल्या मेळ बसेना. मेळ बसला तो पिस्तुलासोबत येणाऱ्या सर्वांत स्वस्त वस्तूंशी: मॅगझिनशी (म्हणजे मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीशी), स्प्रिंगशी आणि काडतुसाशी. तेव्हापासून या प्रश्नाचे माझे उत्तर लांबत गेले आहे, आणि विचारणाऱ्याचा चेहरा पडत गेला आहे.

आधी भरवसा म्हणजे काय ते ठरवले पाहिजे. चाप ओढला की बार झाला पाहिजे, ही त्याची एक बाजू; चाप ओढला नाही तर बार होता कामा नये, ही दुसरी. गप्पांत पहिल्याच बाजूची चर्चा होते, कारण तेथे आकडे सांगता येतात. ‘माझ्या पिस्तुलाने दोनशे गोळ्यांत एकदाही दगा दिला नाही’ हे वाक्य मी किती वेळा ऐकले असेल याची गणती नाही. त्या दोनशे गोळ्यांचे वजन किती, हे एकदा गणिताने पाहावे. समजा एखादे पिस्तूल सरासरीने हजार गोळ्यांत एकदा अडते. अशा पिस्तुलातून दोनशे गोळ्या झाडल्या, तर एकही अडथळा न येण्याची शक्यता सुमारे ८२ टक्के आहे. पाचशे गोळ्यांत एकदा अडणाऱ्या, म्हणजे दुपटीने वाईट असलेल्या पिस्तुलाबाबतही ती ६७ टक्के आहे. म्हणजे दोनशे गोळ्यांच्या परीक्षेत ही दोन्ही पिस्तुले बहुधा पैकीच्या पैकी गुण मिळवणार, आणि दोघांचेही मालक आपापल्या कंपनीचा जयघोष करणार.

परीक्षा हजार गोळ्यांपर्यंत वाढवली तरी चित्र फारसे स्वच्छ होत नाही. चांगले पिस्तूल त्या हजारांत दोन किंवा अधिक वेळा अडण्याची शक्यता २६ टक्के आहे, तर वाईट पिस्तूल एकदाही न अडण्याची साडेतेरा टक्के. संख्याशास्त्रात यासाठी एक सोपा ठोकताळा आहे, ज्याला तीनचा नियम म्हणतात: सलग जितक्या वेळा काहीच बिघडले नाही त्या संख्येने तीनला भागावे, आणि बिघाडाचे प्रमाण त्या भागाकारापेक्षा जास्त नसावे असे ९५ टक्के खात्रीने म्हणावे. तीनशे गोळ्या निर्विघ्न गेल्या, तर प्रमाण शंभरात एकाहून कमी असावे एवढेच म्हणता येते. हजारात एकाहून कमी म्हणायचे असेल तर तीन हजार गोळ्या सलग, एकही न अडता, गेल्या पाहिजेत. दोन चांगल्या कंपन्यांची तुलना स्वतःच्या अनुभवावर करू पाहणाऱ्या माणसाला एवढी दारू जाळणे सहसा परवडत नाही. मलाही ते परवडलेले नाही, आणि म्हणून माझी वहीसुद्धा कंपन्यांविषयी फारसे काही सिद्ध करत नाही, हे मी येथेच कबूल करून टाकतो.

सैन्याच्या चाचण्यांना हे परवडते. जॉन ब्राउनिंग यांनी रचलेल्या आणि कोल्टने बनवलेल्या .४५ कॅलिबरच्या पिस्तुलाची जी शेवटची मोठी चाचणी झाली, तिच्यात दोन दिवसांत सहा हजार गोळ्या झाडल्या गेल्या आणि पिस्तूल फार तापले की ते पाण्यात बुडवून थंड केले गेले. त्यात ते एकदाही अडले नाही, अशी नोंद सांगितली जाते. २९ मार्च १९११ रोजी अमेरिकी सैन्याने ते स्वीकारले, आणि १९८५ पर्यंत तेच त्याचे अधिकृत पिस्तूल राहिले. आज मात्र ‘१९११’ या नावाने डझनावारी कंपन्या पिस्तुले बनवतात. त्यांच्यात मापांच्या बारीक फरकांपासून मॅगझिनच्या घडणीपर्यंत इतकी विविधता असते, की त्या सहा हजार गोळ्यांचे पुण्य त्यांतल्या कोणाच्या खात्यावर जमा करावे हे सांगणे अवघड आहे. चिखलात पुरून, पाण्यात बुडवून, उंचावरून फेकून केलेल्या हौशी परीक्षांविषयी तर मला अधिकच शंका येते. एका पिस्तुलाने एकदा चिखल सोसला, तर त्या एका पिस्तुलाने त्या एका चिखलात एकदा काय केले, एवढेच त्यातून कळते.

पिस्तूल अडते म्हणजे नेमके काय होते, हे समजले की कंपनीच्या नावाचा दबदबा आपोआप ओसरतो. बार होताच स्लाइड, म्हणजे नळीवरचा सरकता भाग, मागे सरकते, रिकामे पितळी कवच चेंबरमधून, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या घरातून, ओढून बाहेर फेकते, काडतुसावर आघात करणारा घोडा किंवा स्ट्रायकर पुन्हा ताणते, आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे येताना मॅगझिनमधले वरचे काडतूस ढकलून चेंबरमध्ये बसवते. हे सगळे सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळात होते. तेवढ्या वेळात मॅगझिनच्या स्प्रिंगने पुढचे काडतूस नेमक्या उंचीवर आणि नेमक्या कोनात आणून ठेवायचे असते. मॅगझिनच्या तोंडाशी पत्र्याचे जे दोन ओठ वळवलेले असतात, ते मिलिमीटरच्या अंशाने फाकले तरी काडतूस लवकर सुटते किंवा नाकाने वर चढते. म्हणजे हजारो रुपयांच्या, डॉलरच्या किंवा युरोच्या यंत्राची इभ्रत पत्र्याच्या एका दुमडीवर टांगलेली असते.

माझ्या वहीतली सर्वांत वाईट अक्षरातली पाने एकाच पिस्तुलाची आहेत. नामांकित कंपनीचे, ९ मिलिमीटरचे, नवे कोरे. पहिल्या चारशे गोळ्यांत ते नऊ वेळा अडले. मी कंपनीला मनातल्या मनात लाखोली वाहिली, काडतुसांचे तीन प्रकार बदलले, तेल कमी केले, तेल वाढवले, आणि शेवटी ते विकायला काढले. आमचे प्रशिक्षक सर फार कमी बोलतात. त्यांनी वही मागून घेतली, दोन पाने चाळली आणि विचारले, ‘प्रत्येक वेळी मॅगझिन कोणते होते?’ तो रकानाच माझ्या वहीत नव्हता. त्यांनी तिन्ही मॅगझिनच्या तळाशी रंगाने १, २, ३ असे आकडे घालायला लावले. पुढच्या दोनशे गोळ्यांत चार अडथळे आले, आणि चारही क्रमांक ३ च्या मॅगझिनमध्ये. त्याचा एक ओठ किंचित फाकलेला होता. बहुधा माझ्याच हातून ते कधीतरी काँक्रीटवर पडले असावे. मॅगझिन बाजूला ठेवले आणि पिस्तूल शहाण्यासारखे वागू लागले. मी ते विकले नाही. ज्यांना मी ते पिस्तूल किती भिकार आहे हे सांगत फिरलो होतो, त्यांना मात्र पुन्हा गाठून खुलासा केला नाही, याची थोडी लाज वाटते.

हाच धडा मोठ्या प्रमाणावर अमेरिकी सैन्याला इराकमध्ये मिळाला. बेरेटाचे एम९ पिस्तूल तेथे अडू लागले, आणि दोष पिस्तुलाच्या माथी मारला गेला. शोध घेतल्यावर असे आढळले, की अडणारी मॅगझिने दुसऱ्या पुरवठादाराकडून घेतलेली होती, आणि सैन्यानेच ठरवून दिलेल्या मानकानुसार त्यांच्यावर खरबरीत फॉस्फेटचा जाड थर चढवलेला होता. वाळवंटातली पिठासारखी बारीक धूळ त्या खरबरीत पृष्ठभागाला धरून बसे आणि काडतुसे वर सरकत नसत. गुळगुळीत लेपाची मॅगझिने आली आणि तक्रारी कमी झाल्या.

मॅगझिननंतर क्रम लागतो तो स्प्रिंगचा. स्लाइडला पुढे आणणारी स्प्रिंग काही हजार गोळ्यांनंतर थकते आणि ती ठरावीक अंतराने बदलायची असते, हे माहितीपुस्तिकेत छापलेले असते, आणि माहितीपुस्तिका पेटीच्या तळाशी घडी न मोडता पडलेली असते. त्यानंतर हात. हलक्या पिस्तुलाची मूठ सैल धरली, तर संपूर्ण पिस्तूलच स्लाइडबरोबर मागे जाते, स्लाइडला तिचा पूर्ण पल्ला मिळत नाही आणि रिकामे कवच दारात अडकते. सरांच्या हातात न अडणारे पिस्तूल माझ्या हातात अडते, तेव्हा कोणत्या कारखान्याला दोष द्यायचा? ‘घोडा का अडला’ या जुन्या कोड्याचे उत्तर ‘न फिरवल्यामुळे’ असे होते. पिस्तुलाच्या घोड्याबाबत मी त्यात ‘न धरल्यामुळे’ अशी भर घालीन.

रिव्हॉल्व्हरवाले हे सारे ऐकून मिशीत हसतात, आणि काही अंशी त्यांना तो अधिकार आहे. रिव्हॉल्व्हरला मॅगझिन नाही, आणि काडतूस उडालेच नाही तर पुन्हा चाप ओढला की पुढचे समोर येते. मात्र रिव्हॉल्व्हर क्वचित अडले तरी जेव्हा अडते तेव्हा पूर्णच अडते. कवचे बाहेर ढकलणाऱ्या ताऱ्याच्या आकाराच्या भागाखाली दारूचा एखादा न जळलेला कण बसला, किंवा जोरदार धक्क्याने शेजारच्या काडतुसातील गोळी पुढे सरकून काडतुसांच्या फिरत्या सिलिंडरबाहेर डोकावली, की फिरणे थांबते, आणि ते जागच्या जागी सोडवता येत नाही. तरीही आठवड्यातून एकदा येणाऱ्या आणि साफसफाईचा कंटाळा करणाऱ्या माणसाला स्मिथ अँड वेसनचे १८९९ पासून चालत आलेले .३८ स्पेशलचे मॉडेल १० किंवा रुगरचे दणकट रिव्हॉल्व्हर सुचवायला मी कचरत नाही. त्यातही .३५७ मॅग्नमचे रिव्हॉल्व्हर घेतले, तर त्यात .३८ स्पेशलची काडतुसेही चालतात, हा मोठा फायदा आहे. उलट मात्र चालत नाही.

येथे कॅलिबरच्या नावांचा गोंधळ आडवा येतो. .३८ स्पेशलच्या गोळीचा व्यास .३८ इंच नाही, तो .३५७ इंच आहे, आणि म्हणूनच १९३५ मध्ये आलेल्या .३५७ मॅग्नमशी त्याचे जुळते. ९ मिलिमीटर मॅकारोव्हची गोळी सव्वानऊ मिलिमीटरहून किंचित जाड असते आणि ती ९ मिलिमीटर पॅराबेलमच्या नळीसाठी नसते. .३८० एसीपी, ९ मिलिमीटर शॉर्ट आणि ९ बाय १७ ही तीन नावे एकाच काडतुसाची आहेत. ९ मिलिमीटर ल्युगर, ९ मिलिमीटर पॅराबेलम आणि ९ बाय १९ ही तीन दुसऱ्याच एका काडतुसाची. पॅराबेलम हा शब्द जर्मनीतल्या डीडब्ल्यूएम या कारखान्याचा तारेचा पत्ता होता, आणि तो ‘शांतता हवी असेल तर युद्धाची तयारी कर’ या लॅटिन वचनातून उचललेला होता. गेऑर्ग ल्युगर यांनी १९०२ च्या सुमारास तेथे रचलेले हे काडतूस सव्वाशे वर्षांनंतरही जगातले सर्वाधिक प्रचलित पिस्तूल-काडतूस आहे. सांगायचे एवढेच, की दुकानात काडतुसे मागताना नळीवर कोरलेले पूर्ण नाव वाचावे. नुसते ‘नऊ’ म्हणू नये.

९ मिलिमीटर की .४५, हा वाद मात्र मला आता कंटाळवाणा वाटतो. तो सोडवायला कागद-पेन्सिल पुरते. ९ मिलिमीटरची १२४ ग्रेनची, म्हणजे सुमारे आठ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३५० मीटर वेगाने निघाली, तर तिची ऊर्जा ४९० ज्यूलच्या आसपास भरते. .४५ एसीपीची २३० ग्रेनची, म्हणजे जवळजवळ पंधरा ग्रॅमची गोळी २५५ मीटर वेगाने निघते आणि तिची ऊर्जाही ४८५ ज्यूलच्या आसपासच येते. ज्या दोन काडतुसांच्या नावाने लोक पिढ्यान्‌पिढ्या भांडले, ती ऊर्जेच्या हिशेबात जुळी भावंडे निघतात. फरक पडतो तो संवेगात: .४५ चा संवेग ९ मिलिमीटरच्या सुमारे एक-तृतीयांशाने अधिक आहे, आणि हाताला बसणारा धक्का संवेगाच्या मागे चालतो, ऊर्जेच्या मागे नाही. दुसरा फरक दाबाचा. ९ मिलिमीटरला कमाल ३५ हजार पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाबाची मुभा आहे, .४५ ला २१ हजारांची. त्यामुळे .४५ चा धक्का एखाद्या जड माणसाने खांद्याने सरकवल्यासारखा लागतो, तर ९ मिलिमीटरचा चापट मारल्यासारखा. मला स्वतःला .४५ चा धक्का आवडतो. आवडणे आणि त्याने चांगला नेम लागणे या गोष्टी वेगळ्या आहेत, याची साक्ष दुसरी वही देईल.

या वादाची सर्वांत महागडी फेरी अमेरिकेत झाली. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआयचे अधिकारी आणि दोन दरोडेखोर यांच्यात चकमक झाली. दोन अधिकारी मारले गेले आणि पाच जखमी झाले. एका दरोडेखोराच्या दंडातून छातीत शिरलेली ९ मिलिमीटरची गोळी हृदयाच्या थोडी अलीकडे थांबली, आणि त्यानंतरही तो गोळ्या झाडत राहिला. त्यातून एफबीआयने जिलेटिनच्या ठोकळ्यांवर चाचण्या घेण्याची पद्धत बसवली आणि गोळी किमान १२ व कमाल १८ इंच खोल गेली पाहिजे असा निकष ठरवला. मग १० मिलिमीटर काडतूस निवडले गेले. त्याचा धक्का फार वाटला म्हणून त्यात दारू कमी भरली गेली. दारू कमी झाल्यावर कवचात मोकळी जागा उरली, तेव्हा कवचच आखूड केले गेले, आणि १९९० मध्ये स्मिथ अँड वेसन व विंचेस्टर यांनी .४० एस अँड डब्ल्यू बाजारात आणले. पोलीस दलांनी ते डोक्यावर घेतले. पुढच्या दोन-अडीच दशकांत गोळ्यांची घडण सुधारली, ९ मिलिमीटरच्या नव्या गोळ्या तोच १२ ते १८ इंचांचा निकष पार करू लागल्या, आणि २०१६ मध्ये एफबीआयने पुन्हा ९ मिलिमीटरच्या पिस्तुलांचे कंत्राट दिले.

मला या कथेत रस आहे तो वेगळ्या कारणाने. .४० ची बरीच पिस्तुले मुळात ९ मिलिमीटरसाठी घडवलेल्या सांगाड्यांवर उभी होती. त्यांची स्लाइड अधिक वेगाने मागे आदळे, भाग लवकर झिजत, मॅगझिनच्या स्प्रिंगला काडतूस वेळेत वर आणायला कमी अवधी मिळे, आणि नवशिक्यांचा नेम बिघडे. म्हणजे कॅलिबर ही भरवशाहून वेगळी बाब नाही. ज्या काडतुसासाठी पिस्तुलाचा पहिला आराखडा झाला, त्या काडतुसात ते सहसा सर्वांत सुरळीत चालते. ग्लॉक १७ हे ९ मिलिमीटरचे, १९११ हे .४५ चे. कोणी एकाच मॉडेलच्या दोन कॅलिबरमध्ये घुटमळत असेल, तर मी त्याला फक्त जन्म कोणत्या काडतुसावर झाला ते पाहायला सांगतो.

.२२ ची गोष्ट थोडक्यात. सरावासाठी त्याला तोड नाही, आणि २५ मीटरच्या ऑलिंपिक स्पर्धा याच काडतुसावर चालतात. पण त्याची पेटणारी दारू कवचाच्या कडेत पसरलेली असते, ती सगळीकडे सारखी पसरतेच असे नाही, आणि म्हणून फुसकी काडतुसे निघतात. त्याचा दोष पिस्तुलाला देऊ नये.

आता कंपन्यांकडे वळतो, कारण ते टाळले तर वाचणारा मला सोडणार नाही. पहिली गोष्ट अशी, की आजच्या बहुसंख्य पिस्तुलांचे काळीज एकाच माणसाचे आहे. बार झाल्यावर नळीची मागची बाजू खाली झुकून स्लाइडपासून सुटते, ही ब्राउनिंग यांची कल्पना. ते १९२६ मध्ये बेल्जियममधल्या एफएनच्या कारखान्यात काम करता करताच वारले. त्यांचा शेवटचा आराखडा द्येदॉने सेव्ह यांनी पूर्ण केला, आणि १९३५ मध्ये तेरा काडतुसांच्या मॅगझिनचे हाय-पॉवर हे पिस्तूल आले. सिग, सीझेड, ग्लॉक, वॉल्थर, हेकलर अँड कॉक या सर्वांची प्रमुख पिस्तुले त्याच झुकणाऱ्या नळीची आहेत. बेरेटा ९२ हा ठळक अपवाद. त्याची नळी सरळच मागे जाते आणि खाली पडणारा एक ठोकळा तिला सोडवतो, जी कल्पना वॉल्थरच्या १९३८ सालच्या पी३८ मधून आली. एकाच मुळाच्या इतक्या फांद्यांत भरवशाचा जमीन-अस्मानाचा फरक सापडावा, ही अपेक्षाच थोडी भाबडी आहे.

तरीही स्वभाव वेगळे आहेत. ग्लॉकचे मोठेपण माझ्या मते त्याच्या प्लास्टिकमध्ये नाही. प्लास्टिकच्या सांगाड्याचे पिस्तूल हेकलर अँड कॉकने १९७० मध्येच काढले होते. पडद्यांचे दांडे आणि सुऱ्या बनवणाऱ्या गास्टोन ग्लॉक यांनी यापूर्वी कधीच पिस्तूल बनवले नव्हते, आणि म्हणून पिस्तूल ‘असेच असते’ हे त्यांना ठाऊक नव्हते. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८२ मध्ये स्वीकारलेल्या त्यांच्या पिस्तुलात अवघे ३४ सुटे भाग होते. जो भागच नाही तो मोडत नाही. दिसायला ते विटेसारखे आहे, आणि त्याचा चाप स्टेपलरची आठवण करून देतो. परंतु त्याचे मॅगझिन, धातूवर प्लास्टिकचे आवरण असलेले, आपटून सहजासहजी फाकत नाही. माझ्या वहीच्या दृष्टीने ग्लॉकची खरी बढाई तीच आहे.

सीझेड ७५ च्या प्रेमात मी पहिल्यांदा ते हातात घेतले तेव्हाच पडलो. कोउत्स्की बंधूंनी चेकोस्लोव्हाकियात १९७५ मध्ये आणलेल्या या पिस्तुलाची स्लाइड सांगाड्याच्या आतून धावते, त्यामुळे नळी हाताच्या जवळ बसते आणि मूठ तर जणू माप घेऊन घडवलेली वाटते. त्याचे पेटंट देशात गुप्त ठेवले गेल्याने बाहेर त्याला संरक्षण मिळाले नाही, आणि इटलीपासून इस्रायलपर्यंत त्याच्या नकला निघाल्या. नकला इतक्या निघणे हीच मी त्याची पावती समजतो. तोटा एवढाच, की आत धावणाऱ्या स्लाइडला बोटांनी पकडायला जागा कमी उरते, आणि घामेजल्या हातांना ते जाणवते.

भरवशाच्या दुसऱ्या बाजूकडे, म्हणजे नको तेव्हा बार न होण्याकडे, आता परत यायला हवे. जुन्या सिंगल-ॲक्शन, म्हणजे दर वेळी घोडा हाताने ताणाव्या लागणाऱ्या, रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याखालचे घर रिकामे ठेवण्याची शिस्त होती, कारण रिव्हॉल्व्हर पडले तर बार होऊ शकत असे. रुगरने १९७३ साली घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये एक पट्टी घालून ती भीती काढली. इतक्या वर्षांनंतर हा प्रश्न संपला असे वाटत असतानाच, जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकी सैन्याने निवडलेल्या सिगच्या पी३२० चे नागरी रूप ठरावीक कोनात पडल्यास बार होऊ शकतो, असे त्याच वर्षी उघड झाले, आणि ऑगस्टमध्ये कंपनीने भाग बदलून देण्याची योजना जाहीर केली. त्याच घराण्याच्या पी२२६ ची ख्याती अशी होती की तिच्याविषयी कोणी प्रश्न विचारत नसे. कीर्ती कारखान्याची असते, परीक्षा मॉडेलची घ्यावी लागते, आणि तीही कोणत्या वर्षीचे मॉडेल ते पाहून. नव्या मॉडेलच्या पहिल्या वर्षाच्या खरेदीपासून मी म्हणूनच दूर राहतो.

उरला पैशाचा प्रश्न. १९८० च्या दशकात अमेरिकी सैन्याने १९११ ला निरोप देण्यासाठी स्पर्धा घेतली, तेव्हा शेवटी दोनच पिस्तुले टिकली: सिगचे पी२२६ आणि बेरेटाचे ९२. एका नगाची किंमत पाहिली तर सिग दोनेक डॉलरने स्वस्त होते. मॅगझिने आणि सुटे भाग धरून पूर्ण हिशेब केला, तेव्हा बेरेटाची बोली खाली आली आणि कंत्राट तिला मिळाले. सिगच्या चाहत्यांना हा अन्याय वाटतो. मला तो खरेदीचा उत्तम वस्तुपाठ वाटतो. पिस्तुलाच्या किमतीवर तासन्‌तास काथ्याकूट करणारा माणूस त्याच्या मॅगझिनची किंमत, स्प्रिंगची उपलब्धता आणि काडतुसांचा दर विचारायला विसरतो. नियमित सराव करणाऱ्याच्या हिशेबात काडतुसांचा खर्च काही वर्षांत पिस्तुलाच्या किमतीला मागे टाकतो, आणि तेथे कॅलिबर खिशाला जाणवते: .४५ च्या एका गोळीला ९ मिलिमीटरच्या गोळीच्या जवळजवळ दुप्पट शिसे आणि तांबे लागते, शिवाय ९ मिलिमीटरची काडतुसे सगळ्यांत जास्त बनतात, त्यामुळे ती सहज मिळतात. महागड्या पिस्तुलात जादा पैसे कशाचे जातात, तर चाप अधिक मऊ असतो, पृष्ठभाग सुबक असतो, आणि नळी अधिक काटेकोर बसवलेली असते. काटेकोर बसवणूक नेमाला मदत करते, पण धुळीला जागा ठेवत नाही. अतिशय घट्ट जुळणीची स्पर्धेची पिस्तुले साध्या पिस्तुलांपेक्षा नाजूक असतात. जास्त पैसे देऊन कमी भरवसा विकत घेण्याचा हा प्रकार मी एकदा केला आहे, आणि त्या पिस्तुलावर माझा आजही लोभ आहे.

गेल्या महिन्यात एका नव्या सभासदाने तोच प्रश्न विचारला. मी त्यांना ९ मिलिमीटर घ्या, प्रस्थापित कंपनीचे पाच-सात वर्षे बाजारात असलेले कोणतेही मॉडेल हातात बसेल ते निवडा, वाचलेल्या पैशांत चार जादा मॅगझिने घेऊन त्यांवर आकडे घाला आणि उरलेल्याची काडतुसे घ्या, असे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, मान डोलावली, आणि पंधरा दिवसांनी पोलादी, निळसर झळाळीचे, .४५ चे १९११ घेऊन आले. मॅगझिन एकच. माझ्याकडे पाहून ते थोडे ओशाळले आणि म्हणाले, ‘झाडून तर पाहा, साहेब.’ मी पन्नास गोळ्या झाडल्या. चाप काचेची काडी मोडावी तसा सुटत होता, आणि मला पुन्हा एकदा .४५ चा मोह झाला. घरी येऊन वहीत नोंद केली. शेवटचा रकाना कोरा राहिला. पन्नास गोळ्यांनी काहीच सिद्ध होत नाही, हे त्यांना सांगायचे मात्र मी राहूनच दिले.